आबांच्या कानातला देव

ज्यांच्या कानात सतत काहीतरी वाजतं आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाच ते ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पण एवढ्याशा आवाजाचा केवढा बाऊ, असं त्यांना वाटेल. आधी मलाही तसंच वाटलं असतं.

माझा आवाज डाव्या कानात आहे. कुकरची शिट्टी होण्याआधी जी बारीक सूं सूं सुरू होते, तशी. फक्त ती शिट्टी कधी होत नाही, आणि गॅस बंद करावा म्हटलं तर बटण सापडत नाही. सकाळी मी उठायच्या आधी ती उठलेली असते. काही उपाय मी केले, काही लोकांनी माझ्यावर केले, ते सगळं सांगणार आहे. पण त्याआधी आबांबद्दल सांगायला हवं. कारण माझा आजार मी जवळजवळ वर्षभर आजार म्हणून ओळखलाच नाही.

भंडारा

आबा म्हणजे माझे वडील. माहेर चारठाण्याजवळच्या वस्तीवर. आम्ही धनगर, थोडी जमीन आणि मेंढरं. आबा तरुणपणापासून बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजवायचे. ढोल गळ्यात, मान डावीकडे कललेली, कान जवळजवळ कातड्याला टेकलेला. मी लहान असताना एका जत्रेत ते दोन दिवस वाजवत होते. जत्रा उठली, माणसं पांगली, ढोल खुंटीला गेला, पण आबांच्या कानातला आवाज थांबला नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कान बिघडला. आबांनी देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं आणि म्हणाले, "देवानं ढोल माझ्या कानात ठिवला."

तेव्हापासून रोज पहाटे, मेंढरं सोडायच्या आधी, आबा मेंढरांच्या वाडग्याच्या कुंपणाबाहेर घोंगडीची घडी टाकून बसायचे. डोळे मिटलेले. ऐकत राहायचे. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे समाधान असायचं, ते मी पुन्हा कुणाच्याच तोंडावर पाहिलं नाही. वस्तीवरचं कुणी अडचणीत असलं की त्यांच्याजवळ येऊन गुपचूप बसायचं. आबा भविष्य सांगत नव्हते की अंगारा देत नव्हते. "मी काय भगत न्हाई बाबा, मला नुसतं ऐकू येतं," एवढंच म्हणायचे. तरी माणसं उठून जाताना हलकी होऊन जायची.

माय मात्र चेष्टा करायची. "देव कानात बसलाय, म्हून बायकोचं ऐकू येत न्हाई ह्यांला." आम्ही सगळे हसायचो. आबाही हसायचे, पण ती काय म्हणाली ते त्यांना दोनदा सांगावं लागायचं.

माझं लग्न होऊन मी सेलूला आले. आमची पिठाची गिरणी आहे, सोबत मिरचीचं कांडप. लग्नापासून मी गिरणीतच उभी. उन्हाळ्यात मिरचीचा हंगाम असला की कांडप दिवसभर धडधडत राहतं. अशाच एका उन्हाळ्यात आम्ही गिरणी बंद केली, पट्टा थांबला, आणि माझ्या कानात काहीतरी चालूच राहिलं. थांबेल थांबेल म्हणून वाट पाहिली. सकाळीही तेच. मग माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, तो आनंदाचा होता. मी माहेरी फोन लावला.

आबा त्याच दिवशी देवगाव फाट्यावरून जीप बदलून सेलूला हजर. सोबत देवाचा भंडारा. त्यांनी माझ्या डाव्या कानाच्या पाळीला भंडारा लावला. "माझ्यामागं पोराला न्हाई दिलं, पोरीला दिलं," असं म्हणत ते लहान मुलासारखे रडले. माझा भाऊ पुढे दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बायकांना आमच्या ह्यांनी पेढे वाटले. माझ्या दुखण्याचे पेढे आम्ही आमच्या हातांनी वाटले.

तेव्हापासून रोज सकाळी आबांचा फोन. फोनवर त्यांना धड ऐकू यायचं नाही, म्हणून माय शेजारी बसायची. आबा ओरडायचे, "वाजायलंय का?"

मी म्हणायचे, "वाजायलंय, आबा."

माय त्यांच्या कानाशी ओरडायची, "वाजायलंय म्हणती!"

"नशीबवान हायस," आबा म्हणायचे आणि फोन ठेवून मेंढरांकडे जायचे.

माझ्यातच खोट

पण मला तो आवाज सहन होत नव्हता. झोप गेली. जेवताना घास चावल्याचा आवाज आणि त्यावर ती सूं सूं, असं व्हायचं की ताट ढकलून द्यावं. गिरणीत बाई सांगायची जाडं दळा, मी दळायची बारीक. ज्या आवाजाने आबांचा चेहरा उजळतो, त्याच आवाजाने मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं, म्हणजे खोट माझ्यातच असणार, असं मी धरून चालले. उपास वाढवले. पायात चप्पल घालणं सोडलं. देव द्यायला आला आणि मला घेता येईना, याची इतकी लाज वाटायची की आबांना हे सांगायची हिंमत झाली नाही.

शेजारणीने लसूण टाकून कढवलेलं तेल कानात घालायला सांगितलं. घातलं. आवाज तसाच राहिला, वर कानाला दडा बसला तो वेगळाच. हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे कान म्हटलं की पहिल्यांदा तेलाची वाटीच पुढे येते. कानात तेल घालू नका.

एका दुपारी मुलगी घरात पाढे म्हणत होती. मी तिच्यावर अशी ओरडले की ती पोर कपाटाआड जाऊन बसली. आमचे हे गिरणी बंद करून आत आले. हा माणूस हंगामात गिरणी कधी बंद करत नाही.

"देव असा माणसाला रडवत न्हाई, सुमन," ते म्हणाले. "उद्या परभणीला जायचं."

काचेची खोली

कानाच्या दवाखान्यात एक लहानशी बंद खोली असते, तिला एक काच. आत बसवून कानावर हेडफोन लावतात. बारीक आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. मी आयुष्यात इतक्या शांत जागी कधी बसले नव्हते. त्या शांततेत माझा आवाज केवढा मोठा आहे ते पहिल्यांदा कळलं. त्यांचा आवाज कुठला आणि माझा कुठला, हे कळेना. मी बटण दाबतच सुटले. काचेपलीकडची मुलगी आत येऊन हळू म्हणाली, "ताई, घाबरू नका. आपण परत पहिल्यापासून करू." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या दिवसातलं मला तेवढंच नीट आठवतं.

डॉक्टर मॅडमनी कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?"

"गिरणी आहे."

"कानात कधी बोळे घातले होते?"

गिरणीत कोण बोळे घालतं? त्यांनी सोपं करून सांगितलं. मोठ्या आवाजाने कानाच्या आतला भाग झिजतो. जे ऐकू यायचं कमी होतं, त्याची भरपाई म्हणून मेंदू स्वतःच आवाज काढतो.

"जाईल का?" मी विचारलं.

"पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. त्रास मात्र कमी करता येतो."

इथे लोकांना धक्का बसतो. मी मात्र हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. म्हणजे मी पापी नव्हते. देवाने दिलेलं मी लाथाडत नव्हते. माझा कान झिजला होता, बस्स. मॅडमनी पाणी दिलं.

स्टेशनवर गाडीची वाट बघत आम्ही चहा घेत होतो. तिथे माझ्या डोक्यात आलं. माझं जर गिरणीने झालं असेल, तर आबांचं? डावा कान. ढोलाकडचा. चहा तसाच हातात राहिला. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनाही तेच सुचलेलं दिसलं.

"आबांला सांगायचं न्हाई," मी म्हणाले.

"मी कशाला सांगू? माझं काय डोकं फिरलंय?"

त्या दिवसापासून मला दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. माझा कान आणि आबांचा देव. कान गेला तरी चालेल, पण दुसरं जाऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आबांना एवढंच सांगितलं की कान जरा कमजोर झालाय, दवा चालू आहे. सकाळचा फोन तसाच सुरू राहिला. वाजायलंय का. वाजायलंय, आबा. त्यात खोटं काहीच नव्हतं.

काय काय करून पाहिलं

गोळ्यांनी झोप थोडी आली, आवाज तसाच. मानेचे व्यायाम केले, त्याने मान बरी झाली. एकाने मुळापासून घालवतो म्हणून सुया टोचल्या. मुळापासून घालवतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. एका नातलगाने पुडी दिली, तिने जीभ भाजली. कुणीतरी मोबाइलमध्ये वाहत्या पाण्याचा आवाज भरून दिला, उशाशी लावून झोपा म्हणून. त्याने आवाज दबायचा खरा, पण मला सारखं उठून लघवीला जावं लागायचं. शेवटी घरातला जुना, खडखडणारा पंखाच सगळ्यात उपयोगी ठरला. तो आम्ही हिवाळ्यातही लावायचो, आणि हे बिचारे दोन गोधड्या घेऊन झोपायचे.

गिरणीतलं माझं काम सुटलं. ह्यांच्या एकट्यावर सगळं आलं. मी बाहेरच्या खोलीत धान्य निवडत बसायची. एकदा चिडून ते म्हणाले, "घरात मोठ्यानं बोललं की तुझा कान दुखतो, हळू बोललं की तुला कळत न्हाई. मग बोलायचं तरी कसं मानसानं?" त्यांचं बरोबर होतं. मलाच माझा कंटाळा आला होता, त्यांना येणारच. संध्याकाळी त्यांनी न बोलता माझ्यासाठी चहा करून आणला.

पुढे नांदेडला एका बाईंकडे गेलो. त्या ऐकू यायचं यंत्र बसवतात आणि समोर बसवून नीट बोलतातही. माझ्या यंत्रात ऐकू येण्याबरोबर एक बारीक आवाजही सोडता येतो, चाळणीतून पीठ पडल्यासारखा. पहिल्या दिवशी घरी आले आणि भाकरी थापल्याचा आवाज ऐकला. कधीपासून तो ऐकला नव्हता, हेही मला माहीत नव्हतं. यंत्र काढल्यावर कधीकधी माझी सूं सूं थोडा वेळ पार बंद व्हायची. बाईंनी सांगितलं होतं की असं होतं, मग तो आवाज परत येतो. तेवढा वेळ मी दारात नुसती उभी राहायची.

बाई म्हणाल्या, "आवाजाशी भांडलात की तो मोठा होतो. त्याला राहू द्यायला शिकायचं. तुमच्या ओळखीत कुणी आहे का, ज्याला असा आवाज आहे पण त्रास होत नाही?"

"माझे आबा आहेत," मी म्हणाले.

"मग त्यांच्याजवळ जाऊन राहा चार दिवस."

घोंगडी

मी गेले. आबांना काय सांगितलं? एवढंच, की तुमच्याबरोबर पहाटे बसायचंय. त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

घोंगडीवर आम्ही शेजारी बसायचो. आत मेंढरं कुरकुरायची, खाकरायची. आबा म्हणायचे, "ढकलू नको त्याला. पाव्हणा आलाय, बसू दे. आपलं काम आपण करायचं." नांदेडच्या बाई जे सांगत होत्या, तेच आबा सांगत होते, फक्त त्यांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि मला फरक पडला. सूं सूं तेवढीच होती, पण मी तिच्याकडे दात आवळून बघत नव्हते. तिथे मला पंख्याशिवाय झोप लागली. आजारपणातले माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते.

निघायच्या आदल्या दुपारी आबांचं लक्ष माझ्या यंत्राकडे गेलं. आधी ते त्याला बिचकून होते. आता हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं.

"ह्याच्यात बी वाजतं का?"

"बारीक वाजतं, आबा. पीठ चाळल्यावानी."

"लाव बघू मला. दोन्ही संगट कसं वाजतं ते ऐकू."

मी लावलं. माझं यंत्र डाव्याच कानाचं. त्यांना काही ऐकू येईना. "मोठं कर," म्हणाले. केलं. "आजून." मी पार शेवटपर्यंत नेलं. मग ते खुश झाले, मान डोलावू लागले. माय चुलीवर चहा ठेवत होती. चहा उकळेपर्यंत त्यांनी ते कानात ठेवलं, आणि मग काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

तेव्हा त्यांचं तोंड बदललं. त्यांनी डाव्या कानावर हात दाबला, मग काढला, पुन्हा दाबला. उठून वाडग्याकडे दोन पावलं गेले, तिथून परत आले.

"सुमे, बंद झालं."

मला कळलं. माझंही यंत्र काढल्यावर असंच व्हायचं. "येतं आबा. आत्ता येतं. बसा तुमी."

"न्हाई वाजायलं. कायच न्हाई वाजायलं." एवढा धट्टाकट्टा माणूस, जत्रेत पोर हरवल्यावर बाप जसा दिसतो तसा ते इकडेतिकडे बघत होते. मायने चहाचे कप आणले तरी त्यांना दिसेना.

चहा निवायच्या आत आवाज परत आला. "आला," ते म्हणाले. वाटलं, निभावलं. पण आबा माझ्या तळहातावरच्या यंत्राकडे बघत होते.

"ह्यानं गेला व्हता," ते म्हणाले. "यंत्रानं जातो, त्यो देव कसा असंल?"

"आबा, तसं नस्तंय..."

"तुझा डागदर काय म्हणला? खरं सांग. बिरोबाची आण हाय."

त्यांच्यामागे माय कप घेऊन उभी होती. डोळ्यांनी मला नको नको म्हणत होती. पण बिरोबाची आण घालून विचारल्यावर माझ्या तोंडून खोटं निघेना.

"गिरणीनं झालं म्हणले."

आबांनी मान हलवली. "म्हंजी माझं ढोलानं."

ते मला म्हणायची गरज पडली नाही. चहा न घेताच ते मेंढरांमागे निघून गेले.

माय माझ्याजवळ बसली. "मला ठावं व्हतं गं," ती म्हणाली. "पयल्या सालापासून. ह्या बाजूनं हाक मारली की ऐकू जात नव्हती, त्या बाजूनं जायची. म्हणलं, कान गेलाय. पर मानूस सुखात व्हता. कशाला बोलायचं?" एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून रडली. मायला असं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी पहाटे घोंगडीवर मी एकटीच होते. त्यानंतर आबा तिथे कधीच बसले नाहीत.

इतकी वर्षं जो आवाज त्यांच्या सोबतीला होता, तो आता त्यांना सोसवेना. कानात कापूस कोंबायचे. जेवण कमी झालं. एकदा मायला म्हणाले, "हे कोन वाजवायलंय माझ्या डोस्क्यात?" माणसं अजून जवळ येऊन बसायची, तर आबा उठून जायचे. ढोल त्यांनी माझ्या भावाला दिला. पुढच्या जत्रेला गेले नाहीत.

मी त्यांना त्याच दवाखान्यात नेलं, त्याच काचेच्या खोलीत बसवलं. आबांनी बटण जवळजवळ दाबलंच नाही. काचेतून मला ते दिसत होते, हेडफोन लावलेले, पागोटं मांडीवर. त्यांच्यासाठी यंत्र घेतलं, ते डबीतच आहे. "त्यानंच तर नेलं," म्हणतात.

नांदेडच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आवाज वाढलेला नाही, आधीएवढाच आहे, फक्त त्याचा अर्थ गेला. त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. मला विचारायचं होतं की अर्थ परत बसवायचं काही यंत्र आहे का.

तुमच्यापैकी कुणाच्या कानात वाजत असेल, तर वेळ न घालवता कानाच्या डॉक्टरकडे जा. गिरणीत, कांडपावर, ढोलाजवळ, डीजेजवळ काम असेल तर कान झाका. आवाज गेला नाही तरी जगता येतं, मी जगतेय, आता बरी झोपते. आणि तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस त्याच आवाजात सुखी असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा, पण यंत्र घरी ठेवून जा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आबांचा सकाळचा फोन मध्ये बंद पडला होता. आता परत येतो. माय शेजारी असते. आबा ओरडतात, "वाजायलंय का?"

मी म्हणते, "वाजायलंय, आबा. आज जरा कमी हाय."

"वाजायलंय म्हणती! कमी हाय म्हणती!" माय त्यांच्या कानाशी ओरडते.

फोनमधून मेंढरांचा आवाज येत राहतो. मी वाट बघते. अजूनही, दर सकाळी, वाट बघते की ते म्हणतील, नशीबवान हायस.

"गोळी घेतलीस का?" आबा विचारतात.